जशुबेनच्या छताला ओल

४ फेब्रु., मंगळ.
सकाळीच खालच्या मजल्यावरच्या जशुबेन दारात. "टीचर, तमारा बाथरूमनुं पाणी अमारे त्यां टपके छे." इतकी वर्षं वर-खाली राहतो, बेल पहिल्यांदा वाजवली. आत या म्हटलं तर उंबऱ्यातूनच बाथरूमकडे बघत राहिल्या, जसं काही मी मुद्दाम बादल्या ओततेय. कार्तिक प्लंबरला फोन. "आज आता हूँ, मॅडम." आला नाही.

६ फेब्रु.
बाथरूम बंद. आंघोळ मागच्या चोकडीत, भांडी घासायच्या जागी. गुडघ्यांचे हाल. नळ, टाकी, व्हॉल्व्ह सगळं हे बघायचे. हे गेल्यापासून कुठला नळ कुठून बंद होतो तेही माहीत नाही. आज शोधून काढला.

दुपारी ज.बेन परत. "हजु टपके छे." या वेळी बसल्या, चहा घेतला. पुढच्या रविवारी त्यांच्या नितेशसाठी मुलीकडचे येणार, त्याआधी छत सुकायला हवं. त्या गेल्यावर दोन कप धुतले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

८ फेब्रु.
कार्तिक उगवला एकदाचा. म्हणे गळती पाइपची की फरशीच्या सांध्यांची ते आधी कळू दे. जाळीत फडकं कोंबा, पाणी भरा, रंग टाका. खाली रंग उतरला तर फरशी. कुठला रंग, किती, काही न सांगता गेला.

ज.बेन आज दोनदा. दुसऱ्यांदा छताचं नावच काढलं नाही. खमण आणलं होतं. तासभर बसल्या.

९ फेब्रु., रवि.
घरात रंग म्हणजे गणपतीतला उरलेला गुलाल. अख्खी पुडी ओतली. चिमूटभर पुरला असता, एवढी अक्कल मास्तरणीला नको?

संध्याकाळी खालून हाक. जाऊन बघते तर काय. बाथरूमचं छत सोडाच, बाहेर पॅसेजमध्येही मोठा गुलाबी डाग, हॉलमधून सरळ दिसणारा. "टीचर, आ शुं कर्युं तमे?" मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत.

११ फेब्रु.
फरशीच निघाली. कार्तिकने सांधे खरवडून नवीन भरले. ज.बेन आल्या नाहीत.

मंदारचा बंगलोरहून फोन. "मम्मी, तू कशाला त्या माणसाच्या नादी लागलीस? मी इथून कोणीतरी पाठवलं असतं." म्हणावंसं वाटलं, कोणी नको पाठवू, तूच ये. "बरं" म्हटलं.

१४ फेब्रु.
बाथरूम सुरू. लिफ्टमध्ये ज.बेन. "सुकं छे?" मी विचारलं. "हा, सुकाई गयुं." रंगाऱ्याचं मी बघते म्हटलं. "ना ना, थई गयुं." नव्या पांढऱ्या रंगातूनही गुलाबी झाक दिसते, असं वॉचमन सांगत होता.

१६ फेब्रु., रवि.
पाहुणे आले खाली. जिन्यापर्यंत तुपाचा वास. लिफ्ट चालू असून भाजीला पायी उतरले, उगीच. दार लोटलेलं, आतून हसण्याचे आवाज. मला कशाला बोलावतील.

२० फेब्रु.
दूधवाल्याशिवाय कुणी बेल वाजवलेली नाही. बाथरूम ठणठणीत कोरडं. मनात आलं ते लिहिते, सांध्यांवर एक बादली ओतून...

नाही ओतली. लाज वाटली. एकटेपणाने माणूस काय काय विचार करतं.

संध्याकाळी सरळ खाली गेले. ज.बेनचे हात कणकेने भरलेले. मला बघताच त्यांनी आधी छताकडे पाहिलं. "फरी टपके छे?"

"ना. कंई नथी. अमस्तीच, बेसवा आवी."

त्यांनी कोपराने दार पूर्ण उघडलं. त्या आत रोटल्या लाटत होत्या, मी हॉलमध्ये टीव्हीसमोर. डागाकडे बघायचं नाही असं ठरवलं, तरी बघितलं. निघताना म्हणाल्या, मुलीकडचा फोन नथी आव्यो हजु. त्या डागामुळे तर नसेल, हे मी विचारलं नाही.

दारात म्हणाल्या, "फोन आवशे तो उपर आवीश, कहेवा."

मी मान हलवली. नाही आला तरी या, हे मला जिना चढून आल्यावर सुचलं.