ब्रेक उशिरा लागतो

३ फेब्रुवारी
मेहुण्याचा ट्रक पुन्हा गॅरेजात. तक्रार जुनीच — ब्रेक उशिरा लागतो. काल उतारावर पुढच्या टँकरवर आदळता आदळता वाचला. त्याची थोरली बहीण, म्हणजे आमची ही, सकाळपासून माझ्याकडे अशी बघतेय, जणू ब्रेकचे लायनर मीच कुरतडतो!

४ फेब्रुवारी
सगळी चाकं उघडली. लायनर जाड, ड्रम गुळगुळीत. ब्रेकच्या हवेचा दाब पुरेसा. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव असणारच, एवढं न्यायशास्त्र मी शिकलोय. इथे धूर आहे, विस्तव सापडत नाही. अशा वेळी आमचे गुरुजी उदाहरण बदलायचे. मी व्हॉल्व बदलला.

५ फेब्रुवारी
भरलेला ट्रक स्वतः उतारावरून चालवून आणला. पाय टेकवला की थांबतो — नव्या जावयाइतका आज्ञाधारक. मेहुण्याला तसं सांगितलं.

"तुमच्याकडे थांबतो हो, भावोजी. मला पॅडल दाबलंय की नाही तेच कळत नाही."

पॅडलचं रबर झिजलंय खरं. तेच असेल.

६ फेब्रुवारी
नवं रबर बसवलं. उद्या निघेल. हिला सांगितलं, आता निश्चिंत झोप. झोपली नाही.

७ फेब्रुवारी
निघाला नाही. माझ्या गॅरेजात एकच धर्म पाळतात: खिळा सुटू नये म्हणून त्यात वळवून घालतात ती स्प्लिट पिन एकदा काढली की वाटीत टाकायची, जागी नवी घालायची, आणि जुन्या सगळ्या वाटीत जमल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची नाही. न जाणो, एखादी ड्रममध्येच राहिली तर? आज एक कमी भरली.

मेहुणा वैतागला. तारेच्या तुकड्यासाठी माल अडकवता? श्लोकातली मात्रा आहे का ती, गळली तर वृत्त बिघडायला? (माझ्या संगतीत एवढं शिकलाय!) म्हटलं, मग तूच शोध. ड्रम पुन्हा उघडले, आत नाही. तो बिचारा दुपारभर ट्रकभोवती, ट्रकखाली, अंगणभर पाय आपटत फिरला. नाही म्हणजे नाही. शेवटी म्हटलं, चल घरी, जेवू.

७ फेब्रुवारी, जेवणाआधी
पिन सापडली.

त्याने दारात बूट काढले, आत येऊन बसला. ही फडकं घेऊन आली आणि दारापासून खुर्चीपर्यंतची फरशी पुसू लागली. मला वाटलं, ग्रीस. लाल होतं. उजव्या बुटाच्या तळातून पिन आरपार वर आली होती. मोजा भिजून चिंब.

"ताई, कोणाला लागलं गं?" त्याने विचारलं.

ट्रकची चावी मी हिच्या हातात दिली. ट्रकला काही झालेलं नाही.