माईकचं बटण वेगळं हवं

सत्यमचे पप्पा,

कराओकेचा स्पीकर बदलायला मी लोणावळ्याला दुकानात चालले आहे. भाकऱ्या टोपल्यात आहेत, कालवण गरम करून घ्या.

आपल्या समीक्षाच्या हळदीला मी गाणार, म्हणूनच तो आणायचा ठरला ना? घसा फोडून सांगितलं होतं, माईकचं बटण वेगळं आणि म्युझिकचं वेगळं असलेला घ्या. तुम्ही दोन्हीला मिळून एकच बटण असलेला आणलात! माझा आवाज वाढवायला जावं, तर ढोलकीच वाढते. मळवली स्टेशनापर्यंत दणदणाट जातो आणि माझं गाणं ओसरीवरसुद्धा ऐकू येत नाही. काल सगळी आळी हसली. सगळ्यात मोठ्यानं तुम्ही.

म्युझिक न लावताच ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ केलंत आणि उचलून आणलात. अशानं कळतं का काही? मला नेलं असतं तर गाऊन बघितलं असतं. पण ‘बाईमाणसानं दुकानात गायचं न्हाई’ म्हणे!

आज चारचौघांत एकेका स्पीकरवर गाऊनच घेणार आहे. लाज वाटली तर येऊ नका. आलात, तर दुकानाच्या दाराशी उभे राहा आणि तिथपर्यंत माझा आवाज येतो का, तेवढं सांगा.

– प्रमिला