'येतो'चं बटण

रोहा,
रविवार, सकाळ (दुपारी कपडे धुवायचे आहेत, म्हणून आत्ताच)

तीर्थस्वरूप तामारमावशी यांस, साईराजचा साष्टांग नमस्कार.

वर एक शब्द खोडलेला दिसेल. आधी चुकून 'तीर्थरूप' लिहिलं होतं. तीर्थरूप फक्त जन्मदात्यांना, बाकीच्या मोठ्यांना तीर्थस्वरूप, हे तुम्ही आठवीत माझा कान धरून शिकवलं होतं, आणि तो कान अजून ते विसरलेला नाही. पण हात घसरला. नवा कागद घेतला असता, पण हा शेवटचाच आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे इस्रायलला, अश्दोदला, जिने फार आहेत असं तुम्ही लिहिलं होतंत, तर जिना चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी दुखरा पाय, असं कंपनीतल्या सुरक्षेच्या तासाला सांगतात. (तो तास शिडीबद्दल होता, पण गुडघ्याला काय कळतंय.) इकडे माझी तब्येत उत्तम आहे. खोकला होता, गेला. आईबाबा गागोद्याला मजेत आहेत. या वर्षी वाल चांगला झालाय, पोपटीला बोलावलं होतं, पण शिफ्ट होती. मग बाबांनी भाजलेल्या शेंगा डब्यातून पाठवल्या. पोपटी अशी एकट्याने डब्यातून खायची नसते हे खाल्ल्यावर कळलं. ती मडक्याभोवती कोंडाळं करून, हात भाजून घेत, दुसऱ्याच्या वाटणीची शेंग उचलत खायची असते. मी माझ्याच वाटणीच्या सगळ्या खाल्ल्या. मजा नाही आली.

मागचं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलंत, ते पोचलं. सात चुका मान्य. मात्र 'तुम्ही कधि येणार?' या वाक्यातला 'धि' दीर्घ करून तुम्ही बाजूला 'किती वेळा सांगायचं?' असं लिहिलंत आणि प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं. तीन महिन्यांसाठी नातवाच्या लग्नाला म्हणून गेलात, त्याला येत्या महिन्यात सव्वा वर्ष होईल. परवा रूबेनदादांचा फोन आला होता. म्हणाले, रोह्याचं घर, म्हणजे मी राहतोय ते, ठेवायचं की देऊन टाकायचं हे आईला विचारलं की ती गप्प बसते, तूच तिला लिहून विचार, तुला ती उत्तर देईल. त्या विषयाकडे मी येतोच आहे. आधी ॲपचं सांगतो.

हो, ॲप. तुम्ही गेल्यावर मी उद्योजक झालो. सकाळी धाटावला कंपनीत बाटल्यांमधून नमुने घेऊन त्यांना नंबर चिकटवायचे, शनिवार-रविवार पेणला कॉलेजात कॉम्प्युटरचे तास, आणि उरलेल्या वेळात उद्योजक. (आजचे तास सरांच्या घरी बारसं असल्यामुळे रद्द.) उरलेला वेळ बहुतेक गाडीत मिळतो. पण गाडीत झोप लागते. येताना ठीक आहे, रोहा शेवटचंच स्टेशन, झाडूवाला उठवतो. जाताना मात्र पेण निघून जातं. एकदा डोळे उघडले तेव्हा थेट दिवा स्टेशन आलं होतं, आणि तासाला गैरहजर का, या प्रश्नाला 'सर, दिव्याला गेलो होतो' असं खरं उत्तर दिल्यामुळे सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्या वर्गात मी कुणाशी एवढं बोललो ते तेवढंच.

तर ॲपची कल्पना अशी. स्टेशनवरून धाटावला जाणाऱ्या शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाहीत. (गोविंदादादा तुम्हाला आठवतो, तुम्हाला जाताना स्टेशनला सोडणारा तोच.) तो सारखा मागे वळून 'भरली का?' विचारतो. एक सीट बाकी असते, आणि त्या सीटचा माणूस गल्लीतून पळत येत असतो, पण ते कुणाला ठाऊक नसतं. रिक्षा सुटते, माणूस राहतो. म्हणून ॲपचं नाव 'भरली का?' आणि त्यावर एकच मोठं बटण. पळणाऱ्या माणसाने ते दाबलं की गोविंदादादाच्या फोनवर टिंग वाजून नाव येणार, आणि तो थांबणार. बटणावर लिहिलं 'येतो'. लिहिताक्षणी तुम्ही आठवलात (बायकांनी काय करायचं?), म्हणून दुसरं केलं, 'येते'. दोन बटणांना पंधरा दिवस लागले, कारण एकाला लिंगभेद शिकवला की दुसरं चालेना. शेजारच्या बाकावरचा मुलगा म्हणाला की सरळ इंग्रजीत लिही, भानगड मिटेल. मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. त्याने सल्ला मागे घेतला.

पहिल्या दिवशी अकरा जणांनी ॲप घेतलं. त्यात आमच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या गिरजाबाई होत्या. त्यांचे दोन्ही मुलगे सुरतेला असतात, त्यांनी पाठवलेला मोठा फोन बाईंकडे नुसता पडून होता, तो कामाला आला म्हणून त्या खूश. सकाळची पहिली खेप झकास झाली. सगळे वेळेवर गेटला पोचले. मी त्या दिवशी नऊच्या पाळीला होतो, म्हणून दुसऱ्या खेपेच्या माणसांबरोबर स्टेशनवर उभा राहिलो, अगदी लग्नघरातल्या यजमानासारखा. रिक्षा येईना. दुसऱ्या रिक्षा भरून गेल्या. मी बसलो नाही, कारण स्वतःच्या ॲपवर अविश्वास दाखवणं बरं दिसलं नसतं. पाऊण तास झाला. शेवटी गोविंदादादाला फोन केला, तर तो अजून कंपनीच्या गेटलाच.

झालं होतं असं की सकाळी गेटवर उतरताना प्रत्येकाने शिस्तीत बटण दाबलं होतं. येतो. येतो. येते. आपल्याकडे निघताना माणूस दुसरं काय म्हणतो? आणि आठ तासांसाठी आत गेलेल्या त्या माणसांची गोविंदादादा गेटबाहेर वाट बघत बसला होता. मी म्हटलं, अरे दादा, तूच त्यांना उतरवलंस ना, कळत नाही का? तर तो शांतपणे म्हणाला,

"येतो म्हणालाय माणूस. त्याला टाकून जाऊ कसा?"

मी चालत गेलो, लेट मार्क लागला. साहेबांनी कारण विचारलं. सव्वा वर्ष एकटा राहतोय, खोटं बोलायची सवय मोडलीय, म्हणून खरं सांगितलं. त्यांनी ते वहीत 'रिक्षा' एवढंच लिहिलं.

मग मी उपाय काढला. (उपाय काढणाऱ्यालाच उद्योजक म्हणतात, असं पेणच्या सरांनी सांगितलंय.) निघताना दाबायला वेगळं बटण दिलं, 'जातो' आणि 'जाते'. ते एकानेही दाबलं नाही. आठवडाभर शून्य. गिरजाबाईंना कँटीनमध्ये गाठून विचारलं की बाई, उतरताना तुम्ही खरोखर जाताच ना, मग जाते दाबायला काय हरकत आहे? त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"जाते नाय म्हणायचं रे पोरा. जाते म्हणून गेलेलं माणूस परत येत नाय."

आणि वर मलाच विचारलं की येते म्हटल्यावर तुझा फोन 'ये' का म्हणत नाय? मुकाच राहतो. येते म्हणणाऱ्याला कुणी ये म्हणायला नको?

मावशी, हे मात्र मला लागलं. कारण सकाळी कुलूप लावताना मी अजून 'येतो' म्हणतो. चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेच्या त्या छोट्या डबीला, तुम्ही लावायचात तसा हात लावतो, येतो म्हणतो, आणि क्षणभर उभा राहतो. (शेजारच्या प्रतीक्षावहिनींना वाटतं मी किल्ली विसरतो.) तुम्ही स्वयंपाकघरातून 'ये, सावकाश ये' म्हणायचात, ते ऐकून पायरी उतरायची सवय आहे. आता आतून काही येत नाही आणि पायरी उतरायला उशीर होतो. एवढं मोठं घर, माझं सामान एका खोलीत मावतं, आणि बाकीच्या तीन खोल्यांत मी चोरासारखा पाय न वाजवता फिरतो. शुक्रवारी संध्याकाळी, तुम्ही लावायचात म्हणून, पुढच्या खोलीतला दिवा लावतो. (बटणाचा. तेलाचा लावायचा अधिकार माझा नाही.) एवढंच लिहितो, नाहीतर तुम्ही 'भावनेच्या भरात अनुस्वार गाळलास' म्हणाल.

तर गिरजाबाईंचं म्हणणं पटून मी बटणाला उत्तर दिलं. दाबलं की आवाज येणार, 'या, सावकाश या.' आवाज माझाच. तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, खिडक्या लावून, एकोणीस वेळा म्हणून बघितलं. एकदा कुकरची शिट्टी मध्ये आली, एकदा मलाच हुंदका की उचकी असं काहीतरी आलं. उचकीच असावी, शेजारी कुणीतरी लाल तिखट परतत होतं.

आणि मग हाहाकार झाला. लोक उठता-बसता बटण दाबू लागले. एका आठवड्यात चारशे सहा वेळा 'येतो-येते', आणि त्यातून रिक्षात प्रत्यक्ष बसलेली माणसं एकतीस. गिरजाबाई एकट्याच साठच्या वर. त्या सुट्टीच्या दिवशीही घरातून भाजीला निघाल्या की दाबत. गोविंदादादा तर एका जागी बसून राहिला, त्याला वाटलं अख्खा रोहा तालुका त्याच्या रिक्षात येतोय. त्याने फोन सीटखाली ठेवून दिला आणि मला म्हणाला की तुझं ॲप चांगलं हाय, फक्त त्याच्यात रिक्षा नको.

शेवटी मी हार मानली. 'येतो'ची तार गोविंदादादाच्या फोनपासून तोडली आणि निराळं बटण केलं, 'थांबा'. आता ज्याला खरंच रिक्षा हवी तो 'थांबा' दाबतो, दादा थांबतो, सगळं सुरळीत आहे. 'येतो'चं बटण मात्र काढू दिलं नाही कुणी. ते आता कशालाच जोडलेलं नाही. दाबलं की फक्त 'या, सावकाश या' म्हणतं, आणि सगळ्यांत जास्त तेच दाबलं जातं.

पेणला कॉलेजात नव्या उद्योजकांचा मेळावा झाला, तिथे हे दाखवलं. एका परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, की ज्या बटणाने काहीच होत नाही त्याचा उपयोग काय? मी पाच मिनिटं बोललो. आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग हातवारे. त्यांना नाही पटलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, तीन पुडांचा स्टीलचा डबा. एका पुडात पोळी मावते, बाकीचे दोन रिकामे जातात. त्याच आठवड्यात निकाल लागला, गणित राहिलंय. चारशे सहातून एकतीस वजा करणाऱ्याचं गणित राहावं, याचं वाईट वाटलं.

बाकी सर्व ठीक. अळूला पाणी घालतो. लग्न झालेल्या नातवाला आणि नातसूनबाईंना मोठा भाऊ म्हणून शुभेच्छा (आशीर्वाद द्यायचं वय अजून झालेलं नाही). पत्रातल्या चुका लाल शाईने दाखवाव्यात, मला इथे चूक दाखवणारं कुणी नाही.

तुमचा विद्यार्थी,
साईराज दिनानाथ

ता. क. – एक विनंती राहिली. बटणातला माझा आवाज फाटका आहे, गिरजाबाईही तेच म्हणतात. रूबेनदादांच्या फोनवर तुम्ही 'या, सावकाश या' एवढंच म्हणून पाठवाल का? चारच शब्द आहेत, गुडघ्याला त्रास नाही. ॲपसाठी हवंय.

ता. क. २ – ॲपसाठी नकोय. म्हणजे ॲपलाही चालेल. आणि शब्द तीनच आहेत, मी चार लिहिले. गणित.

ता. क. ३ – आता रूबेनदादांचा प्रश्न. घराचं त्यांना काय सांगू? मी विचार करत होतो की तुम्ही स्वतः काय सांगितलं होतंत. तर त्या दिवशी गोविंदादादाच्या रिक्षात बसताना तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघून 'येते' म्हणालात, आणि मी, बॅगा चढवायच्या गडबडीत, 'या' म्हणायला विसरलो. या पत्रात दोन प्रकारचे 'येते' मी तुम्हाला समजावून सांगितलेत. तुमचं त्यातलं कुठलं, तेवढं लाल शाईने कळवा. नुसतं निघतानाचं असेल तर दादांना घर द्यायला सांगतो, माझं सामान एका खोलीचंच आहे. आणि दुसरं, खरोखर येणाऱ्याचं असेल, तर उशिरा का होईना, या. सावकाश या. मी थांबलोय.