मामांसाठी एक दाबा

३ एप्रिल
ठरलं. मोहिनीच्या लग्नाचं आमंत्रण शंभर टक्के डिजिटल. कुंकू-अक्षता घेऊन गावोगाव फिरायचं, घरोघरी चहा पिऊन ॲसिडिटी वाढवायची, हे बंद. ॲप सगळ्यांना माझ्याच आवाजात फोन करणार. येणार असाल तर एक दाबा.

४ एप्रिल
सविता म्हणते, नवनाथला, माझ्या भावाला तरी देवळ्याला जाऊन अक्षता द्या. मुलीचा मामा आहे तो. तूच फोन कर म्हटलं, तर म्हणे हा मान मुलीच्या बापाने द्यायचा असतो. मी शांतपणे समजावलं की सिस्टिममध्ये मामा ही वेगळी कॅटेगरी नाही. ती उठून आत गेली. पटलं असावं.

९ एप्रिल, सकाळी
ॲपमध्ये नवनाथच्या नावापुढे हिरवी टिक, म्हणजे येणार! लगेच सविताला दाखवली. तिने चष्मासुद्धा लावला नाही.

१५ एप्रिल
नवनाथचा फोन नाही. आपण करावा का? नको. मीच सिस्टिमवर अविश्वास दाखवला तर लोकांनी काय करायचं?

१९ एप्रिल, संध्याकाळ
उद्या लग्न. हळदीला नवनाथ नाही. मोहिनी दोनदा गेटपर्यंत जाऊन आली. छातीत धडधडतंय. ॲसिडिटीच. टिक अजून हिरवी आहे.

२० एप्रिल
अंतरपाट धरल्यावर गुरुजींनी विचारलं, मुलीचे मामा कुठे आहेत? मी फोन लावला, स्वतः. उचलला नाही. मुहूर्त टळत चाललेला. शेवटी हॉलचा मॅनेजर राकेश हात पुसत आला आणि मामा म्हणून मोहिनीच्या मागे उभा राहिला. मोहिनीने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. जेवण मात्र उत्तम.

२२ एप्रिल
एकटाच देवळ्याला गेलो, जाब विचारायला. टिक करून यायचं नाही म्हणजे काय?
नवनाथने आधी पाणी दिलं. मग म्हणाला, दाजी, फोनात तुमचा आवाज आला, लय बरं वाटलं. मी बोलत व्हतो, तुमचं आपलं एक दाबा, एक दाबा. दाबला. म्हटलं आता तरी बोलतील. तर कटच झाला. मग रोज ओट्यावर बसायचो, दाजी येतील म्हणून. लग्नाच्या दिवशी फोन वाजला, पण म्हटलं परत मशीनच असंल.
मला फार लाज वाटली. निघताना त्याने एक पिशवी हातात दिली. लग्नात मामा नवरीला देतो ती पिवळी साडी. आता ती नेसायची कधी, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.