जांभळी रेघ

४ नोव्हेंबर, मंगळ.
बातमी खरी निघाली. चिनहटचा कारखाना आपल्या मोटरसायकलची लाइन बंद करतोय. जानेवारीपासून गाडी व्हिएतनामला बनणार. मृ.नेच सांगितलं, महानगर मोहल्ल्यातल्या दुकानाबाहेर समोसा खाता खाता, जशी मटारचा भाव सांगतेय. (मृणालला इथे मृ. लिहितो, कारण आई माझं कपाट आवरते.) म्हटलं, मग तुझं काय. म्हणाली, "मलाही नेतायत. तिथल्या लोकांना शिकवायला."
दुसरा समोसा तसाच राहिला.

६ नोव्हें., गुरु.
गाडीमालकांच्या ग्रुपवर दंगा. सक्सेना अंकलनी लिहिलं, हमारी गाड़ी का तो मायका ही चला गया. कुणी म्हणतं आता पार्ट मिळणार नाहीत. कुणी म्हणतं चिनहटवाली जपून ठेवा, पुढे लोक शोधत येतील. प्रांजल मात्र खुश. बाहेरची फिटिंग चांगली असते म्हणे, पहिली खेप आली की तो बदलणार. त्याला जे लिहिलं ते इथे परत लिहीत नाही. ग्रुप सोडला. संध्याकाळी अंकलना फोन करून परत घालून घेतलं. वर्षात तिसऱ्यांदा.
यांची फक्त गाडी चाललीय.

८ नोव्हें., शनि.
चेन लोंबतेय. गुड्डू मिस्त्रीकडे गेलो. ताणायची तर मागच्या चाकाचा नट सैल करावा लागतो. म्हटलं नट सोडून बाकी काय ते कर. म्हणाला, "नट खोले बिना हम चेन कैसे कसें भैया, जादू से?" तेल घालून परत.
नट उघडू देणार नाही. मृ. लाइनवर त्याच स्टेशनला आहे. मशीनने नट कसला की ती हाताने तपासते आणि नटापासून खालच्या लोखंडापर्यंत पेंटच्या पेनने एक रेघ ओढते. नट हलला की रेघ तुटते. तपासणाऱ्या प्रत्येकाचा रंग वेगळा, तिचा जांभळा. शोरूममध्ये सात काळ्या गाड्या होत्या. मी सातही मागून टॉर्च मारून बघितल्या. बाबा सेल्समनला कौतुकाने म्हणाले, इंजिनिअरिंगला आहे ना, बारकाईने बघतो.
दोन महिन्यांनी कॉलेज सोडलं. आता हेल्मेट विकतो. बाबा अजून गाडीकडे बघूनच उसासा टाकतात, माझ्याकडे बघून नाही.
रविवारच्या राइडला सगळे चहा पितात तेव्हा मी वाकून इतरांचे नट बघतो. प्रांजलच्या गाडीवर जांभळी आहे. तेव्हापासून तो मला आवडत नाही. व्हिएतनाम नंतरचं.

१२ नोव्हें., बुध.
व्हिएतनामचे सहा जण आलेत शिकायला. मृ.च्या स्टेशनला मिन्ह. अर्ध्या तासात हे नाव चौदा वेळा. मिन्हला तिच्या डब्यातलं लोणचं आवडतं. मिन्ह हिंदी शिकतोय, दिसेल त्याला भैया म्हणतो, तिलाही भैया. इथे जरा बरं वाटलं. मग म्हणाली, नोकरी करत करत कॉलेज पूर्ण केलंय त्याने.
हे मला उद्देशून नव्हतं म्हणे.
लोणचं माझ्या आईने घातलेलं. बरणी मीच नेऊन दिली होती.

१५ नोव्हें., शनि.
तिने जांभळं पेन त्याला देऊन टाकलं. स्टेशन ज्याचं, रंग त्याचा, असा नियम आहे म्हणे. आता जगात कुठेही जांभळी रेघ दिसली तर ती त्याची. म्हटलं, त्याला दुसरा रंग द्यायचा. ती म्हणाली, रंगच तर आहे यार. मी म्हटलं, तुझ्यासाठी असेल. पुढे मोठं भांडण. कशावरून, ते तिला कळलं नाही आणि मला सांगता आलं नाही.

१६ नोव्हें., रवि.
राइडला गेलो नाही. आईने विचारलं, मृणाल आली नाही इतक्यात? मी म्हटलं, बिज़ी होगी. मी हिंदीत उत्तर दिलं की आईला कळतं. "रुसायचं तर मराठीत रुस," म्हणाली, आणि मटार सोलायला बसवलं.

१९ नोव्हें., बुध.
तिचा मेसेज. कंपनीने फॉर्म दिलाय, तिकडे तीन महिने राहायचं की दोन वर्षं ते भरायचंय. मंगळवारी दुपारी बारापर्यंत.
चार वेळा काहीतरी टाइप केलं, चार वेळा खोडलं. शेवटी अंगठा पाठवला.
अंगठा. गाढव.

२२ नोव्हें., शनि.
सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटसमोर गेलो, सॉरी म्हणायला. वाक्य पाठ केलेलं. गाडी लावून टपरीवर चहा सांगितला, वळून बघतो तर एक जण माझ्या गाडीमागे उकिडवा बसून नटाचा फोटो काढतोय. गळ्यातल्या कार्डावर मिन्ह. तिचं पेन घेतलं, लोणचं घेतलं, आता ही रेघ पण. धावत गेलो, फोन हिसकावला, कॉलर धरली. तो नुसता भैया, भैया. चहावाला मध्ये पडला. तेवढ्यात मृ. बाहेर आली. तिने माझ्या हातातून फोन घेतला, बघितला आणि माझ्यापुढे धरला.
फोटोत रेघेचे दोन तुकडे. नटावरचा तुकडा खालच्यापासून तांदळाच्या दाण्याएवढा सरकलेला. नट आपोआप सुटत आला होता. तिला दाखवायला फोटो काढत होता तो.
"चाक निघालं असतं," ती म्हणाली. "चेन बघ किती लोंबतेय. का नाही ताणलीस?"
सांगितलं. रेघ तुटली असती म्हणून. शोरूमचं, टॉर्चचं, प्रांजलचं पण सांगितलं. चहावाला ऐकत होता. तिने वाकून नटावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "अरे, तुटली की कळावं म्हणून असते ती. जपायला नसते."
मिन्ह आतून पाना घेऊन आला. ज्याची कॉलर मी धरली होती, तोच. तिने नट कसला. त्याने खिशातलं जांभळं पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं नाही, रंग आता तुझा म्हणाली. मग त्याने माझ्याकडे बघितलं, मी ओढू का अशा अर्थाने. मी मान हलवली. नको.
जाताना ती म्हणाली, "मंगळवारी बारापर्यंत वेळ आहे. काही म्हणायचं असेल तर तोंडाने म्हण. अंगठ्याने नको."
पाठ केलेलं सॉरी मिन्हला म्हटलं. तिला म्हणायचं राहिलं.

२३ नोव्हें., रवि.
राइड. सक्सेना अंकलना म्हटलं, तिकडे पण नट नीट तपासतात. अंकल म्हणाले, तुम कह रहे हो ये? तुम?
प्रांजलचा नट बघितला नाही. म्हणजे एकदाच बघितला.

२४ नोव्हें., सोम.
गुड्डूकडे गेलो. म्हटलं, खोल. त्याने आधी हात पुसले, जसा पूजेला बसतोय. चेन ताणली. नट मी कसला, त्याने दोनदा तपासला. हार्डवेअरच्या दुकानात पेंटचं पेन मागितलं तर फक्त पोपटी शिल्लक. रेघ ओढली. वाकडी आली. गुड्डू म्हणाला, "ये क्या बनाए हो भैया, इल्ली?" अळीच दिसत होती खरी.
घरी आई दचकली. म्हणाली, आलास कधी? खडखड ऐकू आली नाही.

२५ नोव्हें., मंगळ.
टपरीवर बसून लिहितोय. अकरा पस्तीस. बाहेर बसलोय, एवढं तिला कळवलंय. गेटमधून बाहेर पडलं की आधी दिसेल तो माझा नट, अशी लावलीय गाडी.
जाऊ नको म्हणणार नाही. एवढं ठरलंय. चांगलं काम करते, सगळा कारखाना म्हणतो. तीन महिने लिही म्हणायचा तरी मला काय हक्क, कॉलेज सोडलेल्या हेल्मेटवाल्याला. पण दोन वर्षं लिहिलीस तर माझं काय होईल, हे तरी तिला माहीत असावं. तेवढंच म्हणायचं. तोंडाने.
अकरा बेचाळीस. मिन्ह बाहेर आला. थेट गाडीमागे गेला, उकिडवा बसला, पोपटी रेघ बघितली. मला अंगठा दाखवला. मीही दाखवला. त्याला चालतो अंगठा.
त्याच्या मागून मृ. येतेय. हातात कागद आहे, घडी घातलेला. भरलाय की कोरा, इथून दिसत नाही.
वही ठेवतो.