चहा न घेता डोंगरापर्यंत

थोरले बंधू गोंचिगदादा यांना धाकट्या तुव्देनचा, तुमच्या कोपरांना खालून दोन्ही हातांचा आधार देऊन (टपालाने जेवढा देता येतो तेवढा) नमस्कार.

तुमची गुरं धष्टपुष्ट आहेत ना? कुरणात गवत बरं आलं ना? मेंढ्यांनी अंगावर चरबी धरली का? (उलानबातरला मुलाच्या घरी, नवव्या मजल्यावर, तुमच्याकडे एक गच्ची आणि कुंडीतलं एक लाल फूल एवढंच पशुधन आहे, हे मी जाणतो. पण हे विचारल्याशिवाय पत्राला तोंड कुठून फोडायचं? फूल चरबी धरून असेल अशी आशा करतो.) इकडे सर्व कुशल आहे. वारा मोजका, नदी शहाणी, आणि मावळतीला डोंगराच्या कडेला असा काही रंग चढतो की आपले देंबेरेल गुरुजी असते तर त्यांनी सगळ्या वर्गाला बाहेर काढून उभं केलं असतं. रीतीप्रमाणे आधी सर्व कुशल लिहिलं. आता जे खरोखर झालं ते लिहितो.

तुम्हाला ठाऊकच आहे, माझी मुन्खझुल शहरात राहून पाहुण्यांना घोड्यावरून शिकारीला नेण्याचा धंदा करते. गेल्या हिवाळ्यात मी घसरलो आणि माझी कंबर धरली तेव्हापासून तिने एकच धोशा लावला आहे की बाबा, आता खोरं पुरे, माझ्याकडे चला, गरम नळाशेजारी पलंग टाकते. (गरम नळाशेजारी! मी काय ओला मोजा आहे?) मी नाही म्हणत राहिलो. मग उन्हाळ्यात ती आली आणि म्हणाली, "बाबा, डेन्मार्कचा एक दातांचा डॉक्टर शरदात येतोय. त्याला जुन्या चालीचा वाटाड्या हवाय. ही सफर तुम्ही नीट पार पाडलीत तर या हिवाळ्यात तुम्हाला कुणी हलवणार नाही. नाही पार पडली, तर पहिल्या बर्फाआधी तुम्ही माझ्या गाडीत." मी तिथल्या तिथे हो म्हटलं. दादा, माझं उरलेलं सगळं आयुष्य एका परदेशी दंतवैद्याच्या समाधानावर टांगलं गेलं आहे हे मला नंतर, जीप निघून गेल्यावर, तिच्यामागे रीतीचं निरोपाचं दूध शिंपडून झाल्यावर लक्षात आलं.

या डॉक्टरच्या अटी ऐका. जीप नको, सगळा प्रवास घोड्यावर. शिकार एकाच जनावराची, म्हाताऱ्या आणि मोठ्या शिंगांच्या नराची. (परवानाही तसाच आहे. कुणाबद्दल बोलतोय ते तुम्ही ओळखलंच असेल: त्या डोंगरावरचे, दाढीवाले, डाव्या शिंगाचं टोक मोडलेले. शिकारीआधी त्यांचं नाव उच्चारायचं नसतं आणि डोंगराचंही नाही, म्हणून पत्रभर मी त्यांना 'ते गृहस्थ' म्हणणार आहे. कागद पातळ असतो, डोंगराचे कान तिखट असतात.) इथपर्यंत ठीक. पण शेवटची अट अशी की छावणीपासून डोंगरापर्यंत त्याला एकाही माणसाचं तोंड दिसता कामा नये. त्याला निर्मनुष्यता हवी आहे. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात पाहणाऱ्याचं हे मागणं मला पटलं. मला त्याची दयाच आली.

आता तुम्ही डोळे मिटा आणि आपलं खोरं आठवा. नदीचं वळण, मग दोल्गोर वहिनीचं गेर, नमद्याचा तो गोल तंबू, मग पुरेवचं, आणि पुढे आणखी तीन. पाच गेरं, पाच धुराडी, पाच किटल्या, आणि प्रत्येक दारात एक कुत्रं जे आपल्याला लहानपणापासून ओळखतं आणि तरी भुंकतं. आणि सांगा, कुणाच्या गेरावरून चहा न घेता घोडा पुढे काढलेला माणूस आपल्या घराण्यात झाला आहे का? (आपले मोठे काका एकदा गेले होते. त्यांना सासरी वणवा लागल्याचा निरोप होता. तरीही लोक अजून बोलतात.)

म्हणून मी रंगीत तालीम घ्यायची ठरवली. पाहुण्याच्या जागी ढोरांचा डॉक्टर बाझर याला घेतलं, कारण एक तर डॉक्टर आणि दुसरं म्हणजे त्याच्याकडे परदेशी टोपी आहे. त्याला नीट पढवलं: "तू कुणाशी बोलायचं नाहीस, कुणी दिसलं तर नाक मुरडायचं." पहाटे निघालो. मी आपल्या तांबड्यावर. त्याच्यावर तुम्हीच पहिल्यांदा खोगीर चढवलं होतं, तेव्हा तो वाऱ्याची ओळ होता. आता जरा गद्य झालाय. निळं आकाश, दवाने भिजलेलं गवत, मला आतून भरून आलं आणि मी गुरुजींची कविता म्हणायला घेतली. तुम्हाला तिची दुसरी ओळ कधीच आठवायची नाही आणि त्यापायी तुम्ही अख्खी थंडी शाळेच्या दाराशी उभे राहून काढलीत, म्हणून दोन्ही लिहितो:

निळ्या कड्याच्या माथ्यावरती उभा शिंगांचा राजा,
वारा त्याचा घोडा होई, ढग वाजविती बाजा!

दुसरी ओळ संपते न संपते तोच तांबडा आपण होऊन वळला आणि दोल्गोर वहिनीच्या दाराशी, घोडे बांधायच्या दोरीखाली जाऊन उभा राहिला. मी लगाम ओढला, टाच दिली, विनवणी केली. पण दादा, त्या जनावराने जन्मभर हेच पाहिलं आहे की गेर आलं की थांबायचं. माणसाला मी अट समजावून सांगितली असती; संस्काराला कसं समजावणार? आत जावं लागलं. तपकिरीच्या बाटल्यांची देवघेव झाली, मिठाचा चहा आला, वाळवलेल्या दह्याचे खडे आले, मटण चुलीवर चढलं. बाझर पढवल्याप्रमाणे नाक मुरडून म्हणाला, "मला एकांत हवाय." त्यावर वहिनी म्हणाली, "हो का? मग आधी माझ्या गाईच्या कासेकडे बघ, तिथे दुसरं कुणी नाही." तो तिथे दुपारपर्यंत एकांतात होता. दिवस मावळला तेव्हा आम्ही पुरेवच्या गेरापर्यंत, म्हणजे दुसऱ्यापर्यंत, पोचलो होतो, आणि बाझर तीन बैलांवर, एका कुत्र्यावर आणि पुरेवच्या सासूच्या गुडघ्यावर उपचार करून झोपी गेला होता. टोपी डोळ्यांवर ओढून. परदेशी दिसत होता, एवढं मात्र खरं.

मी हार मानणारा नाही. दुसऱ्या खेपेला खोऱ्यातून जाण्याऐवजी मागच्या धारेवरून, खडकांच्या आडून जायचं ठरवलं. तांबड्याच्या डोळ्यांना बाजूने पट्ट्या बांधल्या, म्हणजे मोहात पडायला नको. कविता मनातल्या मनात म्हटली. (गुरुजी म्हणायचे, कविता पोटातून मोठ्याने म्हणायची असते, ती मनात म्हटल्याने मला ढेकर येत राहिले.) सगळं सुरळीत चाललं होतं. पण मी एक गोष्ट विसरलो. आपल्या खोऱ्यात चूल एकवेळ नसेल, पण दुर्बीण नसलेलं घर नाही. पाचही दारांत पाच दुर्बिणी आमच्यावर रोखलेल्या होत्या, आणि मी धारेवरून तोंड चुकवत, वाकून, चोरासारखा जातो आहे हे पाची घरांनी पाहिलं. पाची घरांनी एकच अर्थ काढला: तुव्देन आपल्यावर रुसला.

मग जे झालं ते मी या वयात पाहायला नको होतं. मागे टापांचा आवाज आला. वळून पाहतो तर दोल्गोर वहिनी भरधाव घोड्यावर, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास, कमरपट्ट्याला दह्याचे खडे बांधलेले, आणि तिच्यामागे पुरेव, त्याची सासू आणि बाकीचं अख्खं खोरं. "तुव्देन, थांब रे मेल्या! माझ्या चहात काय उंदीर पडला होता का?" मी बाझरला म्हटलं, पळ. आम्ही पळालो. बाझर ओरडला, "तुव्देनजी, शिकार आपण करतोय की आपली होतेय?" मागचे सगळे खिंडीच्या तोंडाशी दबा धरून बसले, आम्ही खिंडीतून निघालो तेव्हा वाऱ्याच्या उलट दिशेने आले, आणि शेवटी घेरून, खडकाला पाठ लावून, आम्हाला चहा पाजला. दादा, एवढी शिस्तबद्ध शिकार मी तुमच्यानंतर पाहिली नव्हती. वरून, कड्यावरून, ते गृहस्थ हे सगळं बघत होते. मला वाटतं, त्यांनी मान हलवली.

चहा पिता पिता मी सगळं खरं सांगून टाकलं: डेन्मार्कचा डॉक्टर, निर्मनुष्यता, आणि ही सफर बिघडली तर मला नळाशेजारी वाळत घालणार हे. पुरेवच्या सासूने डोळे पुसले. मग वहिनी म्हणाली, "एवढंच ना? तू काळजी करू नकोस, आम्ही बघतो." मला धीर आला. (या वाक्याने माणसाला धीर कधीच येऊ नये, हे मी आता लिहून ठेवतो.)

दोन दिवसांनी खोरं रिकामं. पाचही जागी नुसती गवतावरची गोल खूण. मी आनंदाने तांबड्यावर बसलो, कविता मोठ्याने म्हणत निघालो. तांबडा प्रत्येक खुणेपाशी थांबून वाट पाहायचा, मी समजूत काढायचो, पण वाटेत खरोखर चिटपाखरू नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी, ज्या घळीतून वर चढायचं त्या घळीच्या तोंडाशी आलो, आणि पाहतो तर पाची गेरं एका ओळीत उभी! शेळ्या, कुत्री, किटल्या, सगळं. वहिनी अभिमानाने म्हणाली, "आता वाटेत पाच वेळा थांबायला नको. पाहुणा एकदाच थांबेल, इथे. आम्ही सगळे एकत्रच पाजू."

तुम्ही म्हणाल, मग शिकार संपलीच. नाही. पुढे ऐका. वहिनी शेळ्यांसाठी मीठ पसरते, आणि मिठाचा वास वर गेला. काल सकाळी ते गृहस्थ स्वतः खाली आले, शेळ्यांत मिसळून निवांत मीठ चाटत राहिले, आणि परत जाताना मोडकं शिंग गेराच्या दोरात अडकलं. आख्खं गेर हललं. वहिनी बाहेर आली, पाहिलं, आणि तुम्हाला माहीत आहे ती कशी आहे. दाराशी आसऱ्याला आलेल्यावर हत्यार उचलायचं नाही. तिने दोर सोडवायच्या आधी निळं रेशीम त्यांच्या शिंगाला बांधलं आणि त्यांना देवाच्या नावाने सोडून दिलं. आता ते कड्यावर उभे असतात, शिंगाला निळी पट्टी फडफडते, आणि जगात कुणालाही त्यांच्यावर गोळी झाडता येणार नाही. दिसतात मात्र इतके सुंदर की काय सांगू. पहिली ओळ त्यांना पाहूनच लिहिली असावी.

म्हणजे परवाना एका गृहस्थांचा, ते देवाचे झाले. वाट निर्मनुष्य, पण अख्खी मनुष्यता वाटेच्या टोकाला. आणि पाहुणा येत्या आठवड्यात. बाकी सर्व कुशल. फुलाला पाणी घालावं. दोन्ही हात पुढे करून,

तुमचा धाकटा
तुव्देन

ता.क. खरं म्हणजे हे पत्र एका लहानशा कामासाठी लिहिलं. पाहुण्याचं विमान उलानबातरला उतरेल. तुम्ही त्याला विमानतळावरून घरी न्या आणि चहा द्या. मग आणखी द्या. तो उठू लागला की तपकीर काढा, ती संपली की मटण चढवा. लिफ्ट बंद पडली तर देवाची कृपा. पहिलं बर्फ पडून रस्ते बंद होईपर्यंत त्याला सोडू नका. मग मुन्खझुलची गाडीही येऊ शकणार नाही. हे फसवणं नाही, पाहुणचार आहे.

दुसरा ता.क. वरचं रद्द. पाकीट चिकटवायच्या आत मुन्खझुलच येऊन उभी राहिली. तिने पाच गेरं पाहिली, पाची ठिकाणी चहा घेतला (रीतच आहे), आणि बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. पाची घरांनी तिला आळीपाळीने एकच सांगितलं होतं. वहिनीने शेवटी, हात कमरेवर ठेवून: "तुझ्या बापाला नेलंस ना, तर आम्ही पाची घरं तुझ्या बिल्डिंगखाली गाड्या लावतात तिथे उभी करू. शेळ्यांसकट. मग बघू तुझ्या नळाला कोण टेकून बसतं." मुन्खझुलने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नंतर गवतावरच्या रिकाम्या खुणांच्या दिशेने पाहिलं. हे लोक करतील, हे तिला कळलं. मी हलत नाही.

तिसरा ता.क. पाहुणा मात्र येतोच आहे. पलीकडच्या धारेमागे दुसरे गृहस्थ आहेत, त्यांचा परवाना बदलून मिळतो, असं मुन्खझुल म्हणते. तिकडे एकही गेर नाही. (अजून.) पण ती म्हणते, वाटाड्या मी नको, मी कविता म्हणतो. जुन्या चालीचा, गप्प बसू शकणारा शिकारी हवा, आणि त्याने पाहुण्याला विमानतळावरच ताब्यात घेऊन इथवर आणावं. कागदावर तिने तुमचं नाव घातलं आहे. तुमच्या मुलाला तिने कळवलंय की ही नोकरी आहे, नाही म्हणता येणार नाही.

तुमच्या खोगिराला मी तेल लावलं. वहिनीने विचारलंय, चहात अजून मीठ जास्तच लागतं का. तुमच्या गेरासाठी गवतावर एक गोल आम्ही मोकळा ठेवला आहे, दार दक्षिणेला. दुसरी ओळ पाठ करून या; नाही झाली तरी या.