देवा, माझ्या चुका संपल्या

मी, खाली सही करणार, धंदा खुर्च्या व सोफे मढवण्याचा, सर्वत्र ओळख 'खुर्चीवाले', हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य अशा कागदात सगळेच लिहितात आणि कोणी त्याकडे पाहत नाही. माझ्या बाबतीत मात्र पाहावे. माझ्या धाकट्या भावाने आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीला सांगितले आहे की दादाचे डोके फिरले. मी गेल्यावर हेच कारण पुढे करून तो माझ्या सुनेला दुकानातून बाहेर काढू पाहील. म्हणून आधी खुलासा, मग वाटणी.

मी काम करताना देवाशी बोलतो. गुडघे टेकून बोलणे मला जमत नाही, कारण गुडघ्यांत गिऱ्हाइकाची खुर्ची धरलेली असते. टेबलासमोर आमची स्वतःची एक जुनी खुर्ची आहे, तिच्याकडे बघून बोलतो. तिची गादी मध्ये दबलेली आहे ती मांजरामुळे. त्याचा उगाच कोणी पुरावा करू नये. बोलण्यात खास काही नसते. कंबर धरली, कापड खराब निघाले, अमुक बाई डोक्यावर बसल्या आहेत. एकदा "आज तुझ्याशी बोलायचं नाही" एवढेच सांगायला तोंड उघडले आणि त्याच विषयावर दुपारपर्यंत बोलत राहिलो.

आमच्या धंद्यात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. त्या ओठांत धरायच्या आणि एकेक काढून ठोकायची. एके दिवशी सोफ्याची शेवटची बाजू राहिली होती, ओठांतल्या चुका संपल्या आणि डबाही रिकामा निघाला. मी खुर्चीकडे बघून म्हणालो, "देवा, माझ्या चुका संपल्या." भाऊ दारात उभा होता. "आता बाजारात जावं लागणार" हे पुढचे वाक्य ऐकायला तो थांबला नाही. रविवारी उपासनेत त्याने गर्वाने भ्रमिष्ट झालेल्या आणि स्वतःला निष्पाप समजणाऱ्या एका बांधवासाठी लांबलचक विनंती केली. मी मागच्या बाकावर होतो. मनापासून आमेन म्हणालो. ती विनंती कोणासाठी होती हे मला घरी आल्यावर सुनेने सांगितले.

तिच्याच आग्रहावरून मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तो उत्तर देतो का?" मी म्हणालो, "नाही ना. तेच तर रडगाणं आहे." त्यांनी लगेच दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

आता वाटणी.

एक. दुकान, वरची खोली, शिलाई मशीन, हातोड्या, पट्टे ताणायची फळी आणि वर सांगितलेली जुनी खुर्ची माझ्या पश्चात माझ्या सुनेची. यावर कोणाची हरकत चालणार नाही. कारण सांगणे बंधनकारक नाही, तरी सांगतो. माझा मुलगा अपघातात गेला तेव्हा मी देवाशी बोलणे बंद केले. भांडलो नाही, शिव्या दिल्या नाहीत, फक्त खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. सून मुलाच्या जागेवर बसून काम शिकू लागली. आम्ही कामापुरते बोलायचो. एक दिवस ओठांत चुका धरून ती म्हणाली, "आता काय करू, सांग ना."

मी म्हणालो, "आधी मधला पट्टा ताण."

तिने चुका हातावर काढल्या आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला नव्हतं विचारलं."

मला ती 'सांगा' म्हणते, 'सांग' कधीच नाही. पण ओठांत चुका असल्या की दोन्ही सारखेच ऐकू येते. मी मान वर करून पाहिले तर खुर्ची सरळ झालेली होती. ती तिने कधी फिरवली, मला कळलेही नव्हते. मी तिच्यासमोर रडलो. तेव्हापासून दुकानात आम्ही दोघे त्याच्याशी बोलतो. ज्याच्या तोंडात चुका कमी, त्याने आधी बोलायचे, असे ठरले आहे.

दोन. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन करावे. उरेल त्यातून मंडळीच्या बाकांना गाद्या कराव्यात. भावाच्या प्रार्थनेत बसणाऱ्यांचे हाल मी डोळे किलकिले करून पाहिले आहेत.

तीन. भावाला चुकांचा एक न फोडलेला डबा द्यावा. हे मी रागाने लिहीत नाही. म्हणजे थोडा राग आहे, पण त्याबद्दल देवाशी बोलणे चालू आहे. दफनाची प्रार्थना भावानेच करावी, तो माझा पाठचा आहे. फक्त शवपेटी धरणाऱ्यांचे हात भरून येण्याआधी आमेन म्हणावे.

चार. मांजर कोणाच्याही मालकीचे नाही. त्याला खुर्चीवरून उठवू नये.

पाच. मुलगा का नेलास, हा प्रश्न सून आणि मी रोज विचारतो. हे मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा मी तो समोर उभा राहून विचारलेला असेल. मिळालेले उत्तर सुनेला कळवण्याची काही सोय नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. तिने इकडून विचारत राहावे. मी तिकडून विचारतो.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, मान्य आहे.

सही : खुर्चीवाले
ठिकाण : आमचे दुकान
तारीख : ७ मार्च २०२६, शनिवार

साक्षीदार :
१. शेजारचे चष्मेवाले (सही)
२. डॉक्टर (सही). सही करताना लिहून देणार पूर्ण शुद्धीवर होते. सही करण्याआधी त्यांनी तोंडातल्या चुका काढून ठेवल्या आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून "बरोबर आहे ना?" असे विचारले. आम्ही दोघे साक्षीदारही थोडा वेळ थांबलो.